कास पठारावरची भुई-आमरी उपटून घरी कुंडीत लावली तर जगेल का?

बहुतेक नाहीच, आणि प्लीज उपटू नका. ही हॅबेनारिया गटातली ऑर्किडं जमिनीतल्या कंदावर जगतात, पावसात पानं फुटतात, फुलून बी झालं की वरचं सगळं सुकतं आणि पुढच्या पावसापर्यंत कंद मातीखाली पडून असतो. बी तर अगदी धुळीसारखं, त्यात अन्नसाठा जवळपास नसतोच, मातीतली योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं, ती कुंडीत कुठून आणणार? त्यात पंचगणीच्या नावाची हॅबेनारिया पंचगणिएन्सिस तर सह्याद्रीतच सापडते, म्हणजे इथून गेली की संपलीच.

फोटो काढा, पण पायवाट सोडून गवतात बसू नका. आणि माझ्या मते चराई पूर्ण बंद करणंही बरोबर नाही, उंच गवत माजलं की बुटक्या आमऱ्या दबून जातात.