स्वित्झर्लंडच्या व्हाल म्युस्टायर नेचर पार्कमध्ये माउंटन बाइकिंगसाठी कोणता रूट घ्यावा? शेजारच्या नॅशनल पार्कमधून सायकल नेता येते का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही. 1914 साली स्थापन झालेल्या स्विस नॅशनल पार्कच्या पायवाटांवर सायकलला पूर्ण बंदी आहे, हातात धरून ढकलत नेणंसुद्धा चालत नाही. नियम कडक आहे आणि तो असायलाच हवा.

रूट मात्र डोळे झाकून व्हाल मोराचा घ्या (व्हाल म्हणजे दरी). सान्ता मारिया गावातून (1375 मीटर) कच्च्या रस्त्याने डोस रादोंदपर्यंत (2234 मीटर) चढायचं. चढ दमवणारा आहे, त्यामुळे सकाळी लवकर निघा. हा माथा म्हणजे पाणलोटाची सीमा. मागचं पाणी एड्रिआटिक समुद्राला मिळतं, पुढचं इन आणि डॅन्यूब नद्यांमार्गे काळ्या समुद्राला! पुढे आल्प मोराची कुरणं, आणि त्यानंतर नदीकाठची अरुंद सिंगल ट्रॅक. कड्यांवरून घसरलेल्या खडीच्या उतारांना ती आडवी छेदत जाते. तिथे सुटे खडे चाकाखाली सरकतात, म्हणून करकचून ब्रेक दाबू नका. चालणाऱ्यांना आधी वाट द्या. गुरांसाठीची फाटकं पार केल्यावर पुन्हा लावा, आणि वासरं असलेल्या गायींपासून लांबच राहा.

वाट शेवटी इटलीत, सान जाकोमो तलावापाशी निघते. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पण पासपोर्ट जवळ असू द्या. तिथून व्हाल आल्पिसेलामार्गे लिविन्यो गावाला उतरता येतं. जून अखेरीच्या आत जाऊ नका, वर बर्फ असतो.