खरा अर्थ ओळखा: थापा रंगवायच्या असतील तर

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ मला असा कळला. तुम्ही सात जण व्हिडिओ कॉलवर भेटता. एक जण शब्दकोशातून अनोळखी शब्द काढतो, बाकीचे सहा जण त्याचे खोटे अर्थ रचतात, त्यांत खरा मिसळून सगळे वाचले जातात आणि प्रत्येकाने खरा कोणता ते सांगायचं. पण होतं असं की खरा अर्थ वाचता वाचताच ओळखू येतो, एका काकूंना निम्मे शब्द आधीच माहीत असतात आणि गुणांवरून कुरबुर होते. म्हणून तुम्ही विचारलंय, "याहून अवघड शब्द कुठे मिळतील?"

माझ्या मते अवघड शब्दांनी काही फरक पडणार नाही. शब्द कितीही दुर्मिळ आणला तरी सहा अर्थ गप्पांच्या भाषेत आणि एक शब्दकोशाच्या भाषेत असेल, तर तो एक उठून दिसणारच. हा खेळ शब्दसंग्रहाचा वाटतो, पण खरी कसोटी असते ती कोशाच्या आवाजात थाप मारण्याची. थापा मारणाऱ्यांना तो आवाज साधला पाहिजे आणि शब्द काढणाऱ्याने (आम्ही त्याला कोशकार म्हणतो, पुढे तोच शब्द वापरतो) खऱ्या अर्थावरचा कोशाचा वास पुसून टाकला पाहिजे. दोन्ही बाजूंनी पावलं पडली की मधे कुठेतरी सगळे अर्थ एकसारखे दिसायला लागतात, आणि तिथून पुढे मजा.

आधी कोशकाराचं काम, कारण खेळ बहुतेक वेळा तिथेच फसतो. मराठीत या खेळासाठी दोन खाणी आहेत. एक मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती 1857) आणि दुसरा दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, ज्याचे सात विभाग 1932 ते 1938 मध्ये निघाले आणि पुरवणी 1950 मध्ये. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई शब्दकोशांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. आता गोम अशी की मोल्सवर्थमधला अर्थ इंग्रजीत असतो. तो खेळताना तिथल्या तिथे मराठीत आणायला गेलात तर वाक्य अडखळतं, आणि अडखळलेलं वाक्य म्हणजे खरा अर्थ हे दुसऱ्या फेरीपर्यंत सगळ्यांना कळलेलं असतं. दाते-कर्व्यांत अर्थ मराठीत आहे, पण ती मराठी नव्वद वर्षांपूर्वीची. "ठेवावयाची", "घालावयाचे", "करितात" असलं काही कानावर पडलं की संपलं. तेव्हा कोशकाराने अर्थ आदल्या दिवशीच आजच्या साध्या मराठीत, दहा-बारा शब्दांत उतरवून ठेवावा. कोशात एका शब्दाखाली चार-पाच अर्थ असतील तर एकच घ्यावा. लांबलचक खरा अर्थ हासुद्धा एक फितूरच.

दुसरं म्हणजे वाचन. आलेले सगळे अर्थ कोशकाराने स्वतः पुन्हा टाइप करावेत, खरा अर्थही त्यातच. कुणाचे ऱ्हस्व-दीर्घ कुठे घसरतात, कोण "पाणि" लिहितो आणि कोण पूर्णविरामाआधी जागा सोडतो, हे गटातल्या सगळ्यांना पाठ असतं. समोरासमोर चिठ्ठ्यांवर खेळलात तर हस्ताक्षराचा घोळ त्याहून मोठा. चिठ्ठीतला शब्द लागत नसेल तर ज्याची चिठ्ठी त्याला बाजूला विचारून घ्या. भर वाचनात "हे काय लिहिलंय, चरक की चरख?" असं थबकलात की तो अर्थ बाद झाला. वाचण्याआधी मनात एकदा वाचून घ्या, क्रमांक द्या, आणि हसू आलंच तर सगळ्यांवर सारखं हसा.

आता थाप कशी रचावी. हे एका फेरीवरून सांगतो. शब्द होता "ढाळज", स्त्रीलिंगी. आलेले अर्थ असे:

चवरी ढाळणारी दासी.
उतारावरच्या शेतातलं पाणी काढून देणारी चर.
गुरांना होणारी हगवण.
साच्यात ओतताना बाहेर सांडलेली धातू.
वाड्याच्या दरवाजातून आत शिरल्यावर बाजूला असलेली बसायची जागा.
डोळ्यांतून सतत पाणी गळण्याची व्याधी.

पाच जणांनी एकाच खुंटीला दावं बांधलंय बघा. ढाळ, ढाळणे, उतार, गळणं, सांडणं. प्रत्येक थाप सुटी घेतली तर उत्तम आहे, चवरीवाली तर फारच देखणी, तिला दोन मतंही पडली. पण सगळ्या शेजारी शेजारी ठेवल्यावर वाड्यातली जागा एकटीच वेगळी पडते. गटातल्या एका मुरलेल्या बाईंनी शब्दाचा काडीचाही संबंध माहीत नसताना ती अचूक उचलली. त्यांचा हिशेब सरळ होता. ज्याला शब्द माहीत नाही तो शब्दाच्या चेहऱ्यावरूनच अर्थ रचणार, मग ज्या अर्थाचा चेहऱ्याशी संबंधच नाही तो कुणाच्या डोक्यातून आलेला नसणार, म्हणजे कोशातून आलेला. ढाळज म्हणजे ती बसायची जागाच.

ही मेख एकदा कळली की खेळाची पातळीच बदलते. थाप मारणारा शब्दाच्या चेहऱ्याकडे मुद्दाम पाठ फिरवायला लागतो. पुढच्या वेळी "ढाळज"सारखा शब्द आला तर तो "देवापुढे ठेवायची पितळी पेटी" असं काहीतरी ठोकून देईल, आणि वेगळेपण हेरणारा नेमका त्यातच अडकेल. मग हेरणारे सावध होतात, पुन्हा चेहऱ्याशी जुळणाऱ्या अर्थाकडे वळतात, आणि थापाडे परत पहिल्या वाटेवर येतात. ही पाठशिवण चालू झाली की शब्द अवघड आहे की सोपा हे कुणी विचारतही नाही.

म्हणून शब्द निवडताना दुर्मिळपणापेक्षा चेहरा बघा. ज्याच्या पोटात एखादा ओळखीचा शब्द लपल्यासारखा वाटतो, पण अर्थ भलतीकडेच असतो, तो शब्द सोन्यासारखा. याउलट "इर्जिक" घ्या. शेजारच्या शेतकऱ्यांनी आपापली औतं-बैल घेऊन एकाच्या शेतात एकदम काम उरकून द्यायचं आणि त्याने सगळ्यांना जेवण घालायचं, असा त्याचा अर्थ. शब्द सुंदर, प्रथा त्याहून सुंदर, पण या खेळात तो पडतो. त्याच्या चेहऱ्यावर धरायला काहीच नाही, त्यामुळे सगळे "मोगलांच्या काळातला एक कर" लिहून मोकळे होतात. आणि खरा अर्थ इतका ऐसपैस आहे की छाटायला गेलं तर मोडतो.

झाडं, मासे, रोग आणि नाणी शक्यतो टाळाच. "एक प्रकारचे झाड" हा अर्थ खरा असला काय नि खोटा असला काय, हशाही येत नाही आणि डोकंही लागत नाही. (थाप म्हणून मात्र वर्षातून एकदा "एक लहान मासा" लिहून बघा. इतकं कंटाळवाणं कुणी मुद्दाम लिहिणार नाही असं समजून लोक हमखास फसतात.) क्रियापदं जमत नाहीत, विशेषणं चांगली जमतात.

मराठीतली एक खास गळती म्हणजे लिंग. इंग्रजीत खेळताना हा प्रश्नच येत नाही. शब्द सांगतानाच कोशकाराने पु., स्त्री. की न. ते सांगून टाकावं, नाहीतर लिंग चुकलेली थाप आपोआप बाद होते आणि लिहिणाऱ्याचा विनाकारण बळी जातो. पण त्याच वेळी नव्या खेळाडूंना हेही सांगा, की अर्थातल्या मुख्य नामाचं लिंग शब्दाशी जुळलंच पाहिजे असं नाही. नवखे थापाडे फार काटेकोर असतात. शब्द स्त्रीलिंगी म्हटला की त्यांच्या अर्थात पेटी, दोरी नाहीतर बाई येणारच. कोशाला तसलं बंधन नसतं, स्त्रीलिंगी शब्दाचा अर्थ तो बिनदिक्कत "कपड्याचे गोल कडे" असा देतो. तेव्हा लिंग न जुळणारा अर्थ दिसला की जाणकार कान टवकारतात.

कोशाचा आवाज म्हणजे काय, असं तुम्ही विचाराल. "ते नाही का, विहिरीवर पाणी काढताना जे वाजतं ना, ते" ही गप्पांची भाषा. "रहाटाच्या चाकाचा करकर आवाज" ही कोशाची. आधी वस्तूची जात सांगायची, मग तिला इतरांपासून वेगळी करणारी एकच खूण. दोन खुणा दिल्या की थाप जड होते. तीन दिल्या की ती गोष्ट होते, आणि गोष्टीला कुणी मत देत नाही. एखादा अनावश्यक पण नेमका तपशील मात्र थापेत जीव आणतो. "पेटी"पेक्षा "पितळी पेटी" जास्त खरी वाटते.

आता काकू. त्यांना शब्द माहीत असणं हा दोष नाही, आणि मराठीत हे होतच राहणार, कारण एकाला जो शब्द साफ अनोळखी तो दुसऱ्याच्या आजीच्या रोजच्या तोंडातला असतो. आम्ही नियम असा ठेवलाय की ज्याला अर्थ माहीत असेल त्याने कोशकाराला गुपचूप निरोप धाडायचा, मग नेहमीसारखी थाप लिहायची, पण मत द्यायचं नाही. ओळखल्याचे गुण त्याला मिळतात. यात गंमत अशी की ज्याला खरा अर्थ माहीत आहे तो सगळ्यांत घातक थापाड्या ठरतो, कारण कोणत्या बाजूला जायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. काही जण खरा अर्थ लिहिणाऱ्याला जास्त गुण देतात. मला ते पटत नाही, कारण मग खेळ पाठांतराच्या परीक्षेकडे सरकतो. एखाद्याची थाप नकळत खऱ्या अर्थाच्या अगदी जवळ गेली तर तेच लागू करा. दोन्ही अर्थ एकत्र करा, त्याला ओळखल्याचे गुण द्या, पण मताला बसवू नका.

गुणांचं म्हणाल तर खरं ओळखल्यास दोन, आपल्या थापेला पडलेल्या प्रत्येक मताला एक, आणि कुणालाच ओळखता आलं नाही तर कोशकाराला तीन. हे आकडे उगाच नाहीत. सात जणांत सात अर्थ होतात, प्रत्येकाने आपला वगळला की सहा उरतात. सगळे डोळे मिटून मत देतात असं धरलं तर खेळाडूला ओळखल्याबद्दल सरासरी एक तृतीयांश गुण आणि बाकीच्या पाच जणांकडून पाच षष्ठांश मत मिळतं, म्हणजे फेरीला साधारण 1.17. सहाही जण चुकण्याची शक्यता जवळपास एक तृतीयांश, म्हणून कोशकाराच्या वाट्याला तीनाचा तिसरा हिस्सा, साधारण 1. बऱ्यापैकी समतोल आहे. कोशकाराचे गुण पाच केलेत तर लोक निव्वळ अशक्य शब्द आणायला लागतील, आणि शून्य केलेत तर शब्द निवडायची कुणाला गरजच वाटणार नाही. कुणीतरी एक जण नेहमी फक्त हशा पिकवायला लिहितो. त्याला अडवू नका, प्रत्येक फेरीत एक मानाची टाळी वेगळी ठेवा. ती एकूण गुणांत धरू नका, नाहीतर सगळेच विनोद लिहायला लागतात.

फोनवर अर्थ शोधण्यावर उपाय एकच: वेळ. शब्द सांगितल्यापासून तीन मिनिटांत थाप पोचली पाहिजे. तेवढ्यात रचणंच जेमतेम होतं.

कधी चारच जण जमलात तर ही पद्धत चालत नाही, अर्थच कमी पडतात. अशा वेळी बीबीसीवर 1965 पासून "कॉल माय ब्लफ" या कार्यक्रमात होती ती रीत घ्या: दोन संघ, एका संघाने शब्दाचे तीन अर्थ अभिनयासकट मांडायचे, एक खरा, दोन खोटे, दुसऱ्या संघाने खलबत करून एक निवडायचा. यात लेखणीपेक्षा चेहरा जास्त लागतो. लहान मुलं असतील तर हीच रीत बरी, त्यांना लिहायचा कंटाळा येतो आणि खोटं बोलायचा येत नाही. दहाच्या वर माणसं झाली तर उलट जोड्या करा, कारण अकरावा अर्थ वाचेपर्यंत पहिला सगळे विसरलेले असतात. 1984 मध्ये कॅनडात निघालेला "बॉल्डरडॅश" कुणाकडे असेल तर त्याचा पट आणि सोंगट्या घ्या, पण पत्त्यांवरचे शब्द इंग्रजी असल्याने कोशकाराचं काम काही चुकत नाही.

सुरुवातीला हे शब्द वापरून बघा: चाडे (न.), कडोसरी (स्त्री.), घडवंची (स्त्री.), आंबोण (न.), फडताळ (न.). शेवटच्यात तर लोक ढोलकी आणि तमाशाच काढतील. अर्थ इथे मुद्दाम देत नाही. ढाळज आणि इर्जिक तर आता वाया गेलेच आहेत, हेही पाच गेले तर हे वाचणाऱ्या तुमच्या बाकीच्या सहा जणांसाठी कोशकाराला पुन्हा खाणीत उतरावं लागेल.