पेटीतले ऑर्क (खेळातले छोटे राक्षस-पुतळे) रंगवून संपवायचेत ना?

अरे भिया, सगळी पेटी एकदम उघडून बसू नकोस, सारख्या रंगाच्या चार-पाच मिनिएचर, म्हणजे हे पुतळे, काढ आणि तेवढ्याच रंगवून संपव. आधी जुन्या टूथब्रशने भांड्याच्या साबणात धू, धुळीवर प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) धरतच नाही. जुना रंग पातळ असेल तर राहू दे, जाड थर असेल तरच काढ, मेटलला आयसोप्रोपिल अल्कोहोल बिनधास्त चालतं पण रेझिनवर (साच्यात ओतलेलं कडक प्लास्टिक) आधी खालच्या बाजूला टेस्ट कर, काही रेझिन मऊ पडतात.

आणि आपल्या इंदूरात मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर प्रायमरचा स्प्रे मारायचा नाही म्हणजे नाही, रंग हवेतच सुकतो आणि मूर्तीवर रवाळ बसतो, सकाळी ऊन चढायच्या आत उरक, पावसाळ्यात तर स्प्रे विसरच, सरळ ब्रशने लाव. काळा प्रायमर, त्यावर उंच भागांना पांढऱ्याचा ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशचा हलका हात), मग कॉन्ट्रास्ट रंग (खाचांत साचणारा पातळ रंग), सावल्या बऱ्याचशा आपोआप येतात. डोळ्यांच्या नादी लागू नकोस, २८ मिमीच्या ऑर्कचे डोळे टेबलावरून कोणाला दिसतायत? बेसची (पायाखालच्या चकतीची) कड मात्र नीट काळी कर, त्याने अर्धवट कामही पूर्ण वाटतं. मॅट वार्निशचे दोन पातळ हात दे, नाहीतर खेळताना टोकांचा रंग उडतो.