शाळेसाठी प्रॉपर्टी टॅक्स वाढवायचा का?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत राहतो, मुलं शिकून कधीच बाहेर पडली. आता शाळांसाठी प्रॉपर्टी टॅक्स वाढवायचं मतदान आलंय. आम्ही कशाला हो म्हणायचं?

उत्तर: अहो, तुमची मुलं शाळेत होती तेव्हा ज्यांना मुलंच नव्हती तेही भरतच होते की! माझं मत हो म्हणा असंच, पण आधी बॅलट नीट वाचा, कारण बाँड (म्हणजे शाळेने काढलेलं कर्ज, जे टॅक्समधून फेडतात) असेल तर पैसा इमारतीला, छपराला जातो आणि ऑपरेटिंग लेव्ही (चालू खर्चासाठीचा टॅक्स) असेल तर पगार नि रोजचा खर्च, यात लोकांची जाम गल्लत होते. वाढ बऱ्याचदा मिलमध्ये लिहितात, १ मिल म्हणजे घराच्या असेस्ड किमतीच्या (टॅक्ससाठी सरकारने ठरवलेल्या किमतीच्या) दर १००० डॉलरला १ डॉलर, म्हणजे २ लाखांवर वर्षाला २००. असेस्ड किंमत बाजारभावापेक्षा कमी असू शकते हां, बिलावर बघा. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रपोझिशन १३ ने (मतदारांनी मंजूर केलेल्या प्रस्तावाने) या टॅक्सला वेसण घातली नि शाळा राज्याच्या तिजोरीकडे डोळे लावून बसल्या. पेन्शनवर भागवत असाल तर बऱ्याच राज्यांत ज्येष्ठांना सवलत आहे, फक्त अर्ज आपला आपणच करायचा, कोणी घरी आणून देत नाही.