मांजराची जात ओळखताना केसांवर जाऊ नका

लांब केस दिसले की लगेच 'पर्शियन' म्हणू नका. लांब केस कुठल्याच जातीच्या नसलेल्या साध्या मांजरांनाही असतात, आणि जगातली बहुतेक मांजरं अशीच आहेत. आधी डोक्याचा आकार आणि नाक बघा. मेन कून आणि नॉर्वेजियन फॉरेस्ट दोन्ही दांडगी, झुबकेदार शेपटीची; समोरून गोंधळ होतोच. बाजूने बघा. नॉर्वेजियनचं नाक कपाळापासून सरळ रेषेत खाली येतं, चेहरा त्रिकोणी. मेन कूनच्या नाकाला हलका बाक असतो, तोंडाचा पुढचा भाग चौकोनी. निळसर राखाडी मांजर असेल तर डोळे बघा: रशियन ब्लूचे हिरवे, ब्रिटिश शॉर्टहेअरचे बहुधा तांबूस.

सयामीची तर कमालच आहे! पिल्लं जन्मतः जवळजवळ पांढरी असतात. त्यांच्यात रंग तयार करणारं एंझाइम शरीराच्या थंड भागातच नीट काम करतं, म्हणून कान, तोंड, पंजे आणि शेपूट हळूहळू गडद होत जातात.

एक मात्र कळकळीने सांगते. स्कॉटिश फोल्डचे कान ज्या जनुकामुळे दुमडतात, तेच जनुक अंगभरातली कूर्चा (कानात, सांध्यांत असतो तो लवचिक भाग) बिघडवतं. सांधे दुखतात, मांजर उड्या मारायचं टाळू लागतं. गोड दिसतं म्हणून घेऊ नका. अगदी चपट्या नाकाच्या पर्शियनला श्वासाचा त्रास होतो, डोळे सारखे पाझरतात आणि रोज पुसावे लागतात. पर्शियनच हवी असेल तर नाक जरा पुढे आलेली, नाकपुड्या मोकळ्या असलेली निवडा, आणि पिल्लू आईसोबत असतानाच बघून घ्या.