यादीच्या पलीकडचं

प्रिय विद्यार्थी मित्रा,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. मेहनत दिसते. जैवविविधतेच्या ऱ्हासाची कारणं तू पाच रकान्यांत बसवली आहेस: जमीन आणि समुद्राचा बदललेला वापर, अतिशिकार-अतितोड, हवामानबदल, प्रदूषण आणि परकी प्रजाती. आयपीबीईएस या जैवविविधतेवरच्या आंतरसरकारी मंचाच्या २०१९च्या अहवालातही हीच पाच आहेत, तेव्हा चूक काढता येणार नाही. पण निसर्गात ती अशी सुटी सापडत नाहीत. जंगलातून रस्ता गेला की कडेने ऊन-वारा आत घुसतो, पाठोपाठ तण येतं आणि त्याच रस्त्याने शिकारीही. मग नाहीशा झालेल्या हरणाची नोंद कोणत्या रकान्यात करशील?

परिणामांचं प्रकरण तर 'प्रजाती नष्ट झाली' इथेच संपतं. खरी गंमत, म्हणजे खरं दुखणं, तिथून पुढे आहे.

प्रशांत महासागरातलं ग्वाम बेट घे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मालवाहतुकीबरोबर तपकिरी वृक्षसर्प तिथे पोचला आणि काही दशकांत त्याने बेटावरचे बहुतेक मूळ वनपक्षी संपवले. झाडांना त्याने हात लावला नाही (सापाला हात कुठले म्हणा!). त्यामुळे वरून पाहिलं तर जंगल हिरवंगार. खाली मात्र पिकलेली फळं सालीसकट झाडाच्या बुंध्याशी पडून असतात. पक्षी गर खाऊन बी दूर टाकायचे, ते काम आता करणारं कुणी नाही. वादळात झाड कोसळून जागा मोकळी झाली, तरी तिथे नवं बी सहसा पोचत नाही. आणि जाळी विणणारे कोळी? त्यांना टिपणारे पक्षी गेल्यावर ते पावसाळ्यात शेजारच्या बेटांच्या ४० पट आढळले. हे उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही.

शिवाय असा परिणाम व्हायला प्रजाती पुरती नामशेष व्हावी लागते असंही नाही. गुरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या गुरांच्या मांसातून भारतीय उपखंडातल्या गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली आणि गिधाडांची संख्या झपाट्याने घटली. गिधाडं यादीत अजून आहेत, पण मढी साफ करायला पुरतील इतकी उरली नाहीत.

म्हणून तुझ्या तक्त्यात प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी वाढव: हा जीव इथे काय काम करतो आणि जुन्या नोंदींत तो किती होता. दुसरी माहिती मिळवताना घाम फुटेल. संग्रहालयातले नमुने आणि जुन्या डायऱ्या आधी धुंडाळ, क्षेत्रभेटीचं नंतर ठरवू. आणि प्रस्तावना निम्मी कर.

तुझा,
मार्गदर्शक