व्हिडिओ कॅसेट घरच्या कॉम्प्युटरवर उतरवायला कोणतं कॅप्चर कार्ड घेऊ?

कॅसेटचं चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणारा हजार-बाराशेचा यूएसबी डोंगल घ्यावा की त्याच कामाचं आठ हजारांचं कार्ड, यावर तुम्ही दोन परिच्छेद लिहिलेत. लॅपटॉपचा प्रोसेसर, रॅम, विंडोज, सगळं दिलंत. आणि ज्या यंत्रात कॅसेट फिरणार त्याबद्दल एकच ओळ: ‘व्हीसीआर मित्राच्या माळ्यावर पडलाय, तो आणून देतोय.’ हे वाचलं आणि राहवलं नाही. माळ्यावरचा तो व्हीसीआर हाच तुमचा खरा प्रश्न आहे. कार्डाचं शेवटी बघू.

आमच्याकडे हा वाद ताईच्या लग्नाच्या कॅसेटवरून झाला. लग्न १९९२ चं, इचलकरंजीत. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे शूटिंगवाल्याने वरातीवर सिनेमाची गाणी चढवली, अंतरपाटाच्या वेळी पडद्यावर बदाम आणि गुलाब फिरवले. हळदीच्या भागाला मात्र त्याने हात लावला नव्हता. त्यात आजी जात्यावर हळकुंडं दळत ओव्या म्हणतेय, मूळ आवाजात. आजीचा आवाज आमच्याकडे दुसरीकडे कुठेच नाही.

त्या कॅसेटमधले नवरदेव म्हणजे आमचे दाजी. वायरी आणि बटणं यातलं आपल्याइतकं घरात कुणाला कळत नाही अशी त्यांची ठाम समजूत. शिवाय लग्न त्यांचं, म्हणून कॅसेटही त्यांचीच. त्यांनी चांगलं महागातलं कार्ड मागवलं आणि त्याला शेजाऱ्यांचा, कित्येक वर्षं न चालवलेला व्हीसीपी (कॅसेट नुसती दाखवणारा, न भरणारा) जोडला. वरात ठीक आली. हळद सुरू झाली की चित्राचा वरचा भाग एका बाजूला कलायचा, मग थरथर, मग पडदा निळा. दाजींचं निदान तयार होतं: ‘कॅसेट मेली. कार्ड एवढं भारी आहे, त्यात खोट असणार नाही.’ वर ‘टाकून द्या आता’ हेही.

कार्ड भारी होतं म्हणूनच पडदा निळा होत होता, हे त्यांना आजही पटत नाही. टेप ताणली जाते, टेप वाचणारं हेड ज्यावर बसवलेलं असतं तो ड्रम किंचित मागे-पुढे फिरतो, त्यामुळे चित्राची प्रत्येक ओळ अगदी वेळेवर येत नाही. जुना डब्बा टीव्ही तेवढं सांभाळून घ्यायचा. कार्डाला मात्र सगळं वेळेत हवं असतं, आणि स्टुडिओच्या स्वच्छ सिग्नलसाठी बनवलेली महागडी कार्डं यात जास्तच सोवळी. ओळ चुकली की फ्रेम गाळतात किंवा सरळ निळा पडदा दाखवतात. फ्रेम गळाल्या की आवाज पुढे आणि ओठ मागे. मग लोक सॉफ्टवेअर बदलत बसतात.

कॅसेट मी घेऊन आलो. कोल्हापुरातल्या एका जुन्या मेकॅनिककडे नॅशनलचा व्हीसीआर होता, तो त्याच्याकडूनच दुरुस्त करून घेतला. बेल्ट नवा, टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर नवा, हेड साफ. हे हेड साफ करणं इंटरनेटवर बघून कानाच्या काडीने करू नका. कापसाचा धागा अडकला की हेडच उडतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं शामॉय (मऊ चामडं) ड्रमला नुसतं टेकवून धरायचं आणि ड्रम वरून हाताने हळू फिरवायचा. वर-खाली घासायचं नाही.

चित्र स्थिर झालं, पण आजी रजईखालून गात असल्यासारखी. साध्या व्हीएचएस कॅसेटचा आवाज टेपच्या कडेला एका बारीक पट्टीत असतो, आणि ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याचं ऑडिओ हेड जरा तिरकं असेल तर आपल्या यंत्रावर आवाज दबतो. मेकॅनिकने झाकण उघडंच ठेवून ऑडिओ हेडचा छोटा स्क्रू केसभर फिरवला आणि जात्याची घरघर वेगळी, ओवी वेगळी ऐकू यायला लागली. एक-एक शब्द. आठ हजारांच्या कुठल्या कार्डात हा स्क्रू असतो ते दाजींनी मला दाखवावं. आणि हे सगळं मी उतरवलं ते हजाराच्या आतल्या डोंगलवर. दाजींचं म्हणणं आजही एकच, त्या दिवशी ड्रायव्हर नीट बसला नव्हता.

तर पैसे व्हीसीआरवर घाला. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, तो शेवटचा कारखाना. कार्डं पुढच्या वर्षीही मिळतील, चालू व्हीसीआर आणि तो उघडता येणारा माणूस मिळेलच असं नाही. एवढं करूनही चित्र वरून वाकत असेल तर पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर शोधा. त्यात रेकॉर्ड काही करायचं नाही, सिग्नल फक्त त्यातून पार करून डोंगलकडे न्यायचा. ओळी बऱ्याच सरळ होतात. आपल्याकडे सेकंडहँडमध्ये तो सहजी मिळत नाही, हेही खरं.

तुमचा आय-थ्री लॅपटॉप चालेल. डोंगल ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम असा पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) सिग्नल घेणारा हवा, आणि कच्चं चित्र देणारा. जो आतल्या आतच चित्र दाबून एमजेपीईजी स्वरूपात पाठवतो तो नको. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये हफवाययूव्ही या, चित्र न बिघडवता दाबणाऱ्या कोडेकवर घ्या. तासाला साधारण ३० जीबी लागतात, तेव्हा हार्ड डिस्क आधी रिकामी करा. डोंगल हबमध्ये नाही, थेट लॅपटॉपला लावा. एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं गुंफलेली असतात म्हणून आडव्या रेघा दिसतील, त्या घेताना घालवू नका; नंतर प्रत बनवताना डीइंटरलेस करा, म्हणजे ती चित्रं सुटी करा, आणि सेकंदाला ५० फ्रेम ठेवा, नाहीतर नाचणारी माणसं अडखळत नाचतात. एव्ही-टू-एचडीएमआयची ती छोटी डबी घेऊच नका. तसल्या बऱ्याच डब्या सेकंदाच्या ५० चित्रांची ६० करतात आणि चित्र फुगवतात, व्हीएचएसमध्ये मुळात नसलेली बारकाई त्यातून येत नाही.

डोंगलबाबत एक अडचण मात्र आहे. एकाच नावाने, एकाच डब्यात वेगवेगळ्या चिप येतात. माझा चांगला निघाला म्हणून तुमचा निघेलच असं नाही. परत घेणाऱ्याकडूनच घ्या.

‘मग कॅसेट टाकून देता येतील ना?’ असंही विचारलंय तुम्ही. नाही. थेट दाजींचंच वाक्य आहे हे. आता लोक व्हीसीआरच्या हेडचा कच्चा सिग्नलच पकडून पुढचं सगळं सॉफ्टवेअरने करतात, आणि ते आजच्या कुठल्याही डोंगलपेक्षा चांगलं निघू शकतं. त्यासाठी मूळ कॅसेट लागते. पूर्ण रिवाइंड करून, उभ्या, कोरड्या जागी ठेवा.

आणि हो, कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट नीट केलेल्या व्हीसीआरमध्ये घालू नका. ती हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. अशा कॅसेट आधी साफ करून घ्याव्या लागतात. अमेरिकेतून कुणी पाठवलेल्या असतील तर त्या एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्ही पद्धतीच्या असणार, त्यांना ती पद्धत वाचणारा व्हीसीआर हवा. पावसाळ्यात कपाटातून काढलेली कॅसेट लगेच लावू नका, खोलीत राहू द्या, मग एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या.

दाजींचं कार्ड विकायचं आहे, जवळजवळ नवं आहे, बिलासकट. विचारलंत तर नंबर देईन, पण घ्या म्हणून मी सांगणार नाही.